प्रोयेत्ती म्हणजे काय

टोरोंटोच्या उत्तरेला वुडब्रिजमध्ये एत्तोरे प्रोयेत्तींचं दुमजली विटांचं घर होतं. तिथे जेवायला गेलेल्या माणसाला कॉफीच्या आधी प्रोयेत्ती या आडनावाचा इतिहास ऐकावाच लागे. रोमन सैन्यात म्हणे दगड फेकणारी प्रचंड यंत्रं असत, गोफणीसारखी पण हत्तीएवढी. ती चालवणारे ते प्रोयेत्ती, फेकणारे. आजही इटालियनमध्ये बंदुकीच्या गोळीला प्रोयेत्तीले म्हणतात, हा त्यांचा पुरावा. जिन्याच्या भिंतीवर घराण्याचं मानचिन्ह टांगलेलं होतं, निळ्या ढालीवर सोनेरी यंत्र. ते त्यांनी एका मॉलमधल्या गाळ्यावर बनवून घेतलं होतं. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं, पण कुणी तसं बोलत नसे.

त्यांची सून फियोनाही बोलत नसे. तिला तर त्याहून बरंच जास्त ठाऊक होतं.

फियोना वसईकडची, नंदाखालच्या परेरांची. टोरोंटोतल्या एका ग्रंथालयात ती वंशावळींच्या विभागात काम करायची. रिटायर झालेली माणसं तिच्याकडे येत आणि आपलं आडनाव कुठून आलं ते विचारत. त्यात इटालियन लोक फार. फेर्रारी म्हणजे लोहार, रुस्सो म्हणजे तांबड्या केसांचा, बेविलाक्वा म्हणजे 'पाणी पी'. असला अर्थ कळला की माणसं खूश होऊन घरी जात. पण काही आडनावं वेगळी होती. त्रोवातो म्हणजे सापडलेला. इन्चेर्ती म्हणजे कुणाचा ते नक्की नाही. असं नाव घेऊन कुणी आलं की फियोना त्यांना काउंटरवर उत्तर देत नसे. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवून, आवाज खाली आणून सांगायची.

प्रोयेत्ती त्यातलंच होतं. जुन्या इटलीत अनाथाश्रमाच्या भिंतीत लाकडाचं एक फिरतं पिंप बसवलेलं असे. नको असलेलं मूल आई रस्त्याच्या बाजूने त्यात ठेवायची, पिंप आत फिरवायची, घंटा वाजवायची आणि अंधारात निघून जायची. रोमच्या बाजूला अशा मुलांना प्रोयेत्ती हे आडनाव देत. त्याचा अर्थ टाकलेले, फेकलेले.

एत्तोरेंच्या मुलाने, दारिओने, पहिल्या भेटीतच स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं तेव्हा तिला हे ठाऊक होतं. पण तो छान हसायचा, तिला आवडला होता. त्याच्या खापरपणजोबांना कुणी कुठे ठेवलं याच्याशी तिला काय करायचं होतं? लग्न झालं, सासऱ्यांचं यंत्रपुराण सुरू झालं, तेव्हा दारिओला कौतुकाने ऐकताना बघून तिने मूग गिळले ते कायमचे.

मुलगा झाला. नाव रेमो ठेवलं. आडनाव परेरा-प्रोयेत्ती लावायचं असं फियोना आणि दारिओचं ठरलं होतं. एत्तोरेंना ते कळलं आणि त्यांनी जेवणाच्या टेबलावर काटा खाली ठेवला.

"परेरा हे नाव तुमचं नाहीच," ते म्हणाले. "पोर्तुगीजांनी चिकटवलेलं ते. तुझ्या पूर्वजांचं खरं नाव काय होतं, सांग बरं?"

"माहीत नाही," फियोना म्हणाली. ते खरंच होतं. चारशे वर्षांपूर्वी वसईत बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर जुनी नावं वाहून गेली होती.

"बघ. आणि ते माझ्या नातवाला लावायचं?"

फियोनाने दारिओकडे पाहिलं. तो पावाचा तुकडा सॉसमध्ये फिरवत राहिला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "पपांचं वय झालंय. कशाला उगाच. बोलावायला तर रेमोच आहे ना?" आणि रेमो नुसता प्रोयेत्ती झाला.

बाप्तिस्म्यासाठी फियोनाचे वडील टेरेन्स नंदाखालहून आले. गावच्या शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं होतं. बायको गेल्यापासून ते एकटेच होते. रेमो डेकेअरमध्ये, फियोना आणि दारिओ दिवसभर कामात असत, म्हणून एत्तोरे त्यांना सकाळी गाडीने आपल्या घरी घेऊन जायचे. दोघांचं इंग्रजी दोन तऱ्हेचं, पण जमायचं. एत्तोरे त्यांना बॅकयार्डातलं अंजिराचं झाड दाखवत, ते थंडीत वाकवून मातीखाली कसं पुरतात ते सांगत. टेरेन्स केळीच्या वाडीबद्दल, विहिरीच्या रहाटाबद्दल सांगत. "व्याही बरा माणूस आहे गं," ते फियोनाला म्हणाले. "जरा तोंडाळ आहे, एवढंच."



बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चनंतर हॉलमध्ये जेवण होतं. दोन्हीकडची माणसं होती, जास्त प्रोयेत्तींकडची. मिसिसागाहून फियोनाचा मावसभाऊ ॲलरॉय आणि त्याची बायको आली होती. सगळ्यांच्या पुढ्यात वाईन आली तेव्हा एत्तोरे माइक घेऊन उभे राहिले.

आधी यंत्रं झाली, रोमन सैन्य झालं. मग ते टेरेन्सकडे वळले.

"हे माझे व्याही, मिस्टर परेरा. मी यांना विचारलं, परेरा म्हणजे काय? म्हणाले, पेअरचं झाड. मी विचारलं, तुमच्या गावात पेअरची झाडं खूप असतील? तर म्हणाले, एकही नाही. आमच्याकडे केळी!"

हॉलभर हशा पिकला.

"एक पाद्री जहाजातून उतरला, त्याने यांच्या पूर्वजांना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या गळ्यात नावाची पाटी अडकवली. कुत्र्याला अडकवतात तशी. यांचा काय दोष त्यात? पण टेरेन्स, आज चारशे वर्षांनी तुमच्या रक्ताला एक खरं नाव मिळालं. सालूते!"

पेले उंचावले गेले. टेरेन्सनीही आपला पेला उंचावला. ते हसत होते. वर्गात पोरांनी चेष्टा केली की तोंडभर हसू आणून फळ्याकडे वळायचे, तसं ते हसू होतं. फियोनाला ते लहानपणापासून ओळखीचं होतं.

तिने दारिओकडे पाहिलं. तो वाईनच्या बाटलीवरचं लेबल नखाने सोलत होता.

तिने रेमोला ॲलरॉयच्या बायकोकडे दिलं, उठली आणि सासऱ्यांच्या हातातून माइक घेतला. त्यांना वाटलं आभार मानणार आहे. त्यांनी तिच्या गालाचा मुका घेतला.

"नावांचं सांगायचं तर माझं कामच ते आहे," फियोना म्हणाली. "पपांच्या सांगण्यात एक छोटीशी चूक राहिली. प्रोयेत्ती म्हणजे फेकणारे नव्हेत. फेकलेले."

कुणीतरी हसलं. तिने थांबून ते हसू विरू दिलं. मग पिंपाचं सांगितलं, घंटेचं सांगितलं. ग्रंथालयात ज्या गोष्टी ती हळू आवाजात सांगायची, त्या माइकवरून एकेक शब्द सुटा करून सांगितल्या. "आमच्या पूर्वजांना निदान रांगेत उभं तरी केलं होतं," ती शेवटी म्हणाली. "त्यांचे आईबाप शेजारी होते. सालूते."

कुणी पेला उचलला नाही. एका टेबलावरचे म्हातारे चुलते खाली बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. एत्तोरे ओरडले नाहीत. ते खुर्चीत बसले आणि कोटाची बटणं लावू लागले. वरचं बटण खालच्या काजात गेलं, ते काढून पुन्हा लावलं.

"इथेसुद्धा," ते इटालियनमध्ये पुटपुटले. "इथेसुद्धा आलं."

फियोनाला तेवढं इटालियन येत होतं. हातातला माइक एकदम जड झाला. त्यांना ठाऊक होतं. आधीपासून सगळं ठाऊक होतं.

कोट ठेवायच्या खोलीत सासूने तिला गाठलं. इमाकोलाता सहसा कमी बोलणारी बाई.

"आमच्या गावच्या शाळेत," ती म्हणाली, "मास्तर हजेरी घ्यायचे. एत्तोरेचं नाव आलं की मागची मुलं याला खडे मारायची. फेकलेला आला, फेकलेला आला. मास्तरही हसायचे. माझ्या वडिलांनी सांगितलं होतं, फेकलेल्याच्या घरात मुलगी देणार नाही. म्हणून आम्ही पळून इथे आलो. पहिल्याच कामावर फोरमनने नावाचा अर्थ विचारला आणि याने ती यंत्रं काढली. मी घरी हसले. हा हसला नाही. तेव्हापासून मी कधी हसले नाही."

"मग माझ्या डॅडींना काय वाटेल ते त्यांना तरी कळायला हवं होतं," फियोना म्हणाली.

"कळायला हवं होतं," इमाकोलाता म्हणाली. "नाही कळलं." तिने नवऱ्याची हॅट घेतली आणि गेली.

घरी आल्यावर टेरेन्स बेसमेंटमधल्या आपल्या खोलीत गेले. फियोना चहा घेऊन खाली गेली तेव्हा ते बॅगेत कपडे भरत होते. परतीच्या तिकिटाला अजून बराच अवकाश होता.

"डॅडी, हे काय?"

"तिकीट अलीकडचं करून दे."

"मी तुमच्यासाठी बोलले."

"मला विचारलंस?" त्यांनी सदऱ्याची घडी घातली. "पेअरच्या झाडाचा विनोद माझाच गं. मीच त्याला सांगितला, अंजिराजवळ बसून. दोघंही हसलो होतो."

"त्यांनी तुम्हाला कुत्र्याची उपमा दिली! सगळ्यांदेखत!"

"दिली. लागली मला. रात्रभर लागली असती. मग सकाळी तो गाडी घेऊन आला असता आणि मी जाऊन बसलो असतो." त्यांनी चहा घेतला, पण प्यायले नाहीत. "या देशात माझ्याशी बोलणारा तो एक होता, फियोना. तू दिवसभर ऑफिसात. आता मी इथे खिडकीतून काय बघू?"

फियोनाला खूप राग आला. डॅडींचाच आला. जिच्या बाजूने कधी कुणी उभं राहिलं नाही ती एकदा उठली, तर ज्याच्यासाठी उठली तोही पलीकडे जाऊन बसला होता. ती वर आली आणि तिने तिकीट बदललं.

एत्तोरे त्यानंतर मुलाच्या घरी आले नाहीत. रविवारच्या जेवणाची बोलावणी थांबली. चर्चमध्ये लोक त्यांच्याशी पूर्वीसारखंच बोलत, पण पूर्वीसारखंच बोलायची ती धडपड त्यांना दिसत असावी, कारण ते चर्चला जायचेही थांबले. दूर पश्चिमेला रेजिना शहरात त्यांची मुलगी सरकारी नोकरीत होती. बर्फ पडायच्या आत घर विकायला काढून दोघं तिच्याकडे राहायला गेली. तिकडे कुणी इटालियन ओळखीचं नव्हतं.

उरलेलं सामान आवरायला दारिओ आणि फियोना गेले. बर्फाचा पहिला मोठा थर पडला होता, घर बघायला गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून दोघं ड्राइव्हवे फावड्याने मोकळा करत होते. दारिओ एका टोकाला, ती दुसऱ्या. बाप्तिस्म्यापासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं.

"तुला किती वर्षं ठाऊक होतं?" त्याने मध्येच विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मला घरी सांगायचं होतंस. कधीही. मी शाळेत त्या यंत्रावर प्रोजेक्ट केलं होतं. लोकांना सांगत फिरलो जन्मभर. बायकोला खरं ठाऊक, आणि मी तिच्यासमोर बसून ते ऐकतोय."

"तू त्या दिवशी उठला असतास तर मला उठावं लागलं नसतं."

त्याने फावडं बर्फात रोवलं. "हो," तो म्हणाला. मग म्हणाला, "तरीही मी तुला माफ करू शकत नाही."

"मीही तुला," फियोना म्हणाली.

तिने हे बोलून बघितलं होतं, मनात, पुष्कळदा. प्रत्यक्षात ते अगदी सोपं निघालं. दोघं पुन्हा बर्फ ओढू लागले, कारण गिऱ्हाईक येणार होतं आणि रेमोला डेकेअरमधून आणायचं होतं.

आता दर रविवारी रेजिनाहून इमाकोलाताचा व्हिडिओ कॉल येतो. ती रेमोला दात किती आले विचारते, टाळ्या वाजवायला लावते, फियोनाला सर्दी बरी झाली का विचारते. दारिओ तेवढ्या वेळात नेमका ग्रोसरी आणायला जातो. एत्तोरे पडद्यावर येत नाहीत. पण ते त्याच खोलीत असतात. टीव्हीवर फुटबॉल लागलेला असतो, मधूनच खोकल्याचा आवाज येतो. रेमो त्या आवाजाच्या दिशेने पडद्याच्या कडेला बोट लावतो आणि हाक मारल्यासारखं काहीतरी करतो. पलीकडे टीव्हीचा आवाज वाढतो.

"पुढच्या रविवारी," इमाकोलाता म्हणते.

"हो," फियोना म्हणते आणि फोन खाली ठेवते.