वॅफलच्या कानात

त्या हिवाळ्यात मी सायलस प्रूइटशी एक शब्दही बोलले नाही. जे काय बोलले ते माझ्या कुत्र्याशी, वॅफलशी.

बास्केटबॉल संघांच्या मालकांनी टाळेबंदी केली होती. खेळाडूंची संघटना नव्या करारावर सही करत नाही तोवर सराव नाही, सामने नाहीत, आणि संघाच्या नोकरांनी खेळाडूंशी चकार शब्द काढायचा नाही. मी संघाची नोकर. सामन्याआधी खेळाडूंच्या घोट्यांना आणि गुडघ्यांना पट्ट्या बांधते. सायलस कोवळा पोरगा म्हणून आला तेव्हापासून त्याचे पाय माझ्याच हाताखालून गेलेले. आधी डावा, मग उजवा. मी बांधत असताना तो डोळे मिटून गुणगुणायचा. आणि हा गृहस्थ राहतो कुठे? माझ्या कुंपणापलीकडे. न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसून नियम लिहिणाऱ्या वकिलांना इंडियानातली कुंपणं काय ठाऊक!

रोज सकाळी अर्धवट झोपेत मला चेंडूचा आवाज यायचा. सायलस त्याच्या गॅरेजसमोर एकटाच खेळत असायचा. बाहेर धुकं एवढं की बास्केट दिसायची नाही. चेंडू वर जाऊन नाहीसा व्हायचा आणि बऱ्याच वेळाने, जणू परत यायचं की नाही याचा विचार करून, खाली यायचा. मी अंथरुणात पडून ऐकत राहायची. मग कामावर जायची. तिथे दिवे मंद, खुर्च्या रिकाम्या, लाकडी मैदान तळ्यासारखं स्तब्ध. मी कुणी न वापरलेले टॉवेल धुवायची आणि पुन्हा घड्या घालायची. कधी कधी वाटायचं, हा खेळ खरंच होता की मलाच स्वप्न पडलं होतं?

कुत्र्याची युक्ती सायलसचीच. एकदा कुंपणाशी येऊन तो वॅफलला म्हणाला, "काय रे म्हाताऱ्या, तुझ्या मालकिणीने आज पुन्हा पाव करपवला वाटतं? आमच्यापर्यंत वास आला."

मी लगेच वॅफलचा कान धरला. "त्याला म्हणावं, स्वतःचं नाक सांभाळ. उडी मारून खाली येतोस तेव्हा पोतं पडल्यासारखा आवाज होतो."

वॅफलने दोघांकडे पाहून जांभई दिली. नियम मोडला नाही. त्या दिवसापासून आमचं असंच सुरू झालं.

नाताळ जवळ आला तेव्हा मालकांनी शेवटचा देकार दिला. सही करा, सणाला सामने सुरू. फक्त एक कलम होतं: खेळाडू जायबंदी झाला तर मालकाला त्याचा करार वाटेल तेव्हा मोडता येईल. संघटनेच्या समितीत सायलस सगळ्यांत जुना. तो मान हलवेल तिकडे पोरं मान हलवणार, हे सगळ्यांना माहीत होतं. नकार दिला तर हा मोसम बुडणार, आणि सायलसच्या वयाला पुढचा मोसम नसतो. त्यात गेल्या मोसमापासून त्याचा डावा गुडघा कुरकुरत होता.

त्याच दुपारी आमचा व्यवस्थापक ग्रेडी क्रेमर धुण्याच्या खोलीत आला. इथे तो कधीच येत नाही.

"व्हर्ना, प्रूइट तुझ्या शेजारी राहतो ना?"

"मला काय विचारता? त्याच्याशी बोलायला बंदी आहे."

"अगं, कुंपणावरून सहज बोललं तर कोण ऐकतंय? गुडघा ठणठणीत आहे म्हणून सांग त्याला. तुझ्यावर विश्वास आहे त्याचा. त्याला शेवटचा मोसम मिळेल, आम्हाला सही मिळेल. सगळेच खूश."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण खरं सांगते, त्याहून जास्त मोह झाला. मला तो गुडघा पुन्हा हातात हवा होता. ते गुणगुणणं हवं होतं. एक खोटं बोलले असते तर सगळं जिथल्या तिथे आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ पडत होता. चेंडू धड उसळत नव्हता. सायलस कुंपणाशी आला आणि वॅफलसमोर उकिडवा बसला. बसताना त्याने डाव्या हाताने कुंपण धरलं. पूर्वी कधी धरत नसे.

"वॅफल," तो म्हणाला, आणि आवाजात थट्टा नव्हती, "आज विमानाने न्यूयॉर्कला जातोय. तिला विचार, एक मोसम निघेल का या गुडघ्यावर? तिने हो म्हटलं तर मी सही करीन. मला खेळायचंय रे. बाकी काही येत नाही मला."

मी बर्फात गुडघे टेकले आणि वॅफलला जवळ घेतलं.

"त्याला सांग," मी म्हणाले, "महिनासुद्धा निघायचा नाही. गुडघा गेलाय. आणि तो जायबंदी झाला की हेच कलम त्याच्यावर पहिलं चालवतील. मग त्याच्या मागून येणाऱ्या पोरांवर."

त्याने हातातल्या चेंडूवरचा बर्फ पुसला. मग त्याने वॅफलच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडे न बघता उठला आणि आत गेला. मला वाटलं, हा आता आयुष्यभर माझ्याशी बोलणार नाही, कुत्र्यामार्फतसुद्धा नाही.

सायलसने नकार दिला. पोरांनीही दिला. मालक जानेवारीपर्यंत ताणून बसले आणि मग एका दुपारी त्यांनी ते कलम गुपचूप काढून टाकलं. सह्या झाल्या. त्याच संध्याकाळी सायलसने निवृत्ती जाहीर केली.

पहिल्या सामन्याच्या दिवशी माझ्या खोलीबाहेर उंच पोरांची रांग लागली होती. कलकलाट चालला होता. एकाएकी सगळे बाजूला सरले. सायलस आत आला. साधी पँट, घरातले बूट. तो टेबलावर चढला, पँट वर सरकवली आणि डावा पाय पुढे केला.

आता बोलायला बंदी नव्हती. पण मी पट्टी घेतली आणि बांधत गेले, नेहमीसारखी, सामन्याला बांधतात तशी. तो डोळे मिटून गुणगुणत होता. रांगेतलं एकही पोरगं घाई करत नव्हतं.

बांधून झाल्यावर त्याने गुडघा वाकवून पाहिला. खोलीत कुत्रा नव्हता, तरी तो खाली, माझ्या पायांशी, कुणीतरी बसल्यासारखं बघत म्हणाला,

"वॅफल, तिला सांग, छान बसलीय."

मग तो उतरला आणि वर प्रेक्षकांत जाऊन बसला. सामनाभर त्याने ती पट्टी सोडली नाही.