बोटभर वर धरलेला हात

ठाण्याच्या बाजारात फिरंग्यांच्या वेळचा एक दगडी क्रूस होता. फिरंगी गेले, क्रूस राहिला, आणि बाजाराने त्याला आपल्या कामाला जुंपलं. सौदा ठरला की दोघांनी त्या दगडावर पंजा टेकायचा. मग वीज कोसळली तरी शब्द फिरायचा नाही. क्रूसाच्याच पायरीवर शेवंती कोळणीची मासळीची पाटी असे. तिच्याआधी तिची सासूही तिथेच बसायची. ती जागा गेली तर मागे गटाराच्या काठी बसायचं, आणि तिथे गिऱ्हाईक नाही, कुत्री येतात.

राणीच्या ज्युबिलीच्या साली साहेब क्रूस बघायला येणार, असा बोभाटा झाला. बाजाराचे कारभारी त्र्यंबकराव उपरण्याने नाक दाबून आले. म्हणाले, "दगड घासूनपुसून घ्यायचाय. उठा सगळ्याजणी. साहेब गेला की बसा परत."

"मग हात ठेवा, राव," शेवंती म्हणाली.

रावांनी हात पुढे केला आणि दगडाच्या बोटभर वर धरला. माशाच्या पाण्यात भिजलेला दगड, त्याला शिवून पुन्हा अंघोळ कोण करणार! शेवंतीने ती फट पाहिली. बामणाचं सोवळं, आपण कशाला ताणायचं, म्हणून तिने आपला पंजा टेकला आणि पाटी उचलली.

साहेब आला, घोड्यावरून न उतरताच मान हलवून गेला. दुसऱ्या दिवशी क्रूसाभोवती लोखंडी कठडा उभा, वर कुलूप.

"राव, शब्द दिलेलात!"

"कधी? माझा हात दगडाला लागला होता? सांग ना, लागला होता?"

"लागला नव्हता गो," शेजारी बसणारी हौसाबाई पुटपुटली.

 शेवंतीने जन्मभर नासकी मासळी निवडली, कधी नाक धरलं नाही. त्या धुतल्या हाताची मात्र किळस आली. ज्या सोवळ्याचा तिने मान राखला, त्याचीच याने पळवाट केली. सोवळं कसलं, लबाडीला नेसवलेलं धोतर ते!

सकाळी तिने गळती पाटी थेट रावांच्या दारच्या पायरीवर मांडली आणि ओला पंजा दगडावर पसरला.

"अगं ए, ऊठ! बाटवलीस पायरी!"

"या दगडाला तर तुमचा पाय रोज लागतो ना, राव? मग कुलूप काढा, मी उठते."

राव उंबऱ्यात उभे. उचललेला पाय बाहेर टेकवेना. इतक्यात हौसाबाईही पाटी घेऊन आली, शेवंतीला खेटून बसली, आणि घराच्या आत तोंड करून ओरडली, "बोंबील घ्या, ताजे बोंबील!"