पंचवीस मिनिटांत बेडरूम

सुलेखा म्हस्केची परीक्षा बुधवारी दुपारी दोनला होती आणि त्यासाठी तिनं तीन दिवस हॉल घासून काढला होता. परीक्षा घरूनच द्यायची होती, लॅपटॉपवर. दवाखान्याचे कागद वाचून प्रत्येक आजाराला आणि उपचाराला त्याचा ठरलेला नंबर द्यायचा, असं ते काम. पास झालं की घरबसल्या नोकरी मिळायची आशा होती. लग्नाआधीपासून ती औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. श्रेया झाली आणि दुकान सुटलं, त्याला आठ वर्षं होत आली होती. गेलं वर्षभर ती भाकरी थापता थापता आजारांचे नंबर पुटपुटत होती.

परीक्षेच्या वेळी आसपास कागद, पुस्तक, लिहिलेलं काहीही दिसता कामा नये, असा नियम होता. म्हणून तिनं हॉल रिकामा केला. वर्तमानपत्रांची रद्दी, चपलांचा रॅक, शिलाई मशीन, श्रेयाची सायकल, आकाशचं क्रिकेटचं सामान, बिडकीनहून आलेलं तुरीचं पोतं, सगळं हलवलं. पण गारखेड्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलमधून निघालेली वस्तू जाऊन जाऊन जाणार कुठं? सगळं बेडरूममध्ये गेलं. बुधवारी पहाटे तिचा नवरा आकाश फर्स्ट शिफ्टला निघाला, तेव्हा त्याला स्वतःचा एकच मोजा सापडला. दुसऱ्या पायात तो तिचा फुलाफुलांचा घालून गेला.

दीडला, श्रेया शाळेत असताना, तिनं हॉलमध्ये लॅपटॉप उघडला. परीक्षेवर नजर ठेवणारा एक मुलगा पलीकडून बोलू लागला. आवाजावरून पंचविशीच्या आतलाच वाटत होता, हिंदीत बोलत होता आणि फार नम्र होता. त्यानं ओळखपत्र पाहिलं आणि लॅपटॉप फिरवून खोली दाखवायला सांगितलं. सुलेखानं मोठ्या अभिमानानं चारी भिंती दाखवल्या. सगळं पाहून झाल्यावर त्यानं विचारलं, मॅडम, या खोलीला दार कुठं आहे?

दार नव्हतं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसती कमान होती. बंद होणारं दार असलेली खोलीच चालेल, असं त्यांच्या ईमेलमध्ये नवव्या कलमात लिहिलं होतं. सुलेखानं आठव्यापर्यंत वाचलं होतं. दोनच्या आत दुसऱ्या खोलीतून जोडल्या गेलात तर ठीक, नाहीतर पुढची तारीख एप्रिलमध्ये, असं सांगून त्या मुलानं निरोप घेतला.

घरात दार असलेल्या खोल्या दोनच, बेडरूम आणि बाथरूम. क्षणभर तिनं बाथरूमचाही विचार केला. मग बेडरूमचं दार उघडलं, म्हणजे जेवढं उघडलं तेवढं. आत पाय ठेवायला जागा नव्हती.

तिची सासू चंपाबाई स्वयंपाकघराच्या बाल्कनीजवळ खुर्चीत बसली होती. आठ दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यावर काळा चष्मा. वाकायचं नाही, उचलायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. परीक्षेबद्दल तिनं आजवर बरं-वाईट चकार शब्द काढला नव्हता. ती काठी टेकत आली आणि सुनेच्या मागं उभी राहिली.

"किती येळ हाय?" तिनं विचारलं.

"पंचवीस मिनिटं, आत्याबाई. पण नाही होणार."

"लई झाली. डॉक्टरांच्या राउंडच्या आधी आमाला वीस मिळायची. अन् खाटा तीस."

चंपाबाईनं अठ्ठावीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात आया म्हणून काम केलं होतं. सुलेखाला हे माहीत होतं, पण त्याचा अर्थ काय होतो हे तिला त्या दुपारी कळलं.

पलंगावरच्या चादरी काढून एकेक जमिनीवर पसर, असा पहिला हुकूम आला. दुसरा हुकूम, कशाचीही घडी घालायची नाही. घडी घालत बसली की बाई संपली, असं चंपाबाईचं म्हणणं. दोरीवरचे कपडे, रद्दी, श्रेयाचे रंग, चार्जर, उशा, सगळं चादरीत टाकायचं, चार टोकांची गाठ मारायची आणि गाठोडं फरशीवरून ओढत हॉलमध्ये न्यायचं. सात मिनिटांत तीन गाठोडी बाहेर गेली. तुरीचं पोतं उचलायला गेली असती तर सुलेखाची कंबर धरली असती. ते सतरंजीवर आडवं पाडून ओढलं, तर सुरळीत निघालं. शिलाई मशीन, चपलांचा रॅक आणि सायकलही तशीच गेली.

मग चंपाबाईनं पलंगाखाली काठी घातली. आतून चप्पल निघाली, अकरा क्लिपा निघाल्या, एक डबा निघाला जो उघडायची दोघींचीही हिंमत झाली नाही, आणि शेवटी प्लास्टिकच्या पिशवीतली एक साडी निघाली. तीन वर्षांपूर्वी चंपाबाईनं स्वतः सुनेसाठी पैठणहून आणलेली, घडीसुद्धा न मोडलेली. सुलेखानं साडीकडं पाहिलं. चंपाबाईनंही चष्म्याआडून पाहिलं.

"मला काय नीट दिसत नाय अजून," ती म्हणाली आणि काठीनं पिशवी चौथ्या गाठोड्यात सरकवली.

पुसणं आणि झाडणं चार मिनिटांत झालं. सुलेखानं पंखा पुसायला स्टूल ओढलं, तर चंपाबाईनं काठी आडवी घातली. बघणाऱ्याची नजर जिथवर जाते, तेवढंच पुसायचं. पंख्याकडं डॉक्टर कधीच बघत नसत.

आता खोलीत पलंग, टेबल आणि खुर्ची, एवढंच राहिलं. आणि भिंत. भिंतीवर श्रेयाचे तीन तक्ते होते. पाढे निघाले, मुळाक्षरं निघाली. तिसरा तक्ता शरीराच्या अवयवांचा होता, यकृतापासून मूत्रपिंडापर्यंत सगळ्यांची नावं इंग्रजीत लिहिलेला. तो श्रेयानं डिंकाची अख्खी बाटली ओतून चिकटवला होता. उलथन्यानं खरवडला तर भिंतीचा रंग निघाला, तक्ता जागचा हलला नाही. परीक्षेतले अर्धे प्रश्न त्याच अवयवांवर असणार होते. सुलेखा त्याच्यावर ओढणी टाकायला लागली, पण सासूनं तिला थांबवलं. झाकलेलं दिसलं की माणूस आधी तेच उघडून बघतो, हा तिचा वॉर्डातला अनुभव.

शेवटी गादीच उभी करून भिंतीला लावायची ठरली. गादी काथ्याची होती, ताठ, पण डबल बेडची. सुलेखा एका बाजूनं उचलत होती, तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं पाठ लावून चंपाबाई रेटायला लागली. सुलेखानं डॉक्टरांची आठवण करून दिली.

"उचलू नका म्हणले ते. ढकलू नका असं कुठं म्हणले?"

दोनला चार मिनिटं कमी असताना सुलेखा गादीकडं पाठ करून बसली आणि पुन्हा जोडली गेली. मुलानं पुन्हा लॅपटॉप फिरवायला लावून खोली बघितली आणि तो गादीपाशी थांबला. गादी उभी का, असं त्यानं विचारलं. खोटं बोलायला सुलेखाकडं वेळ नव्हता. मागं मुलीचा तक्ता आहे आणि तो निघत नाही, असं तिनं सांगून टाकलं. तो वरच्या कोणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, चालेल. पण तक्ता दिसला तर पेपर तिथंच बंद होईल.

मग त्याला पलंगामागच्या भिंतीवरचा फोटो दिसला. तोही काढता येईल का, असं तो विचारत होता, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"बाबासाहेब हलणार नायत."

मग मुलगा आपल्या नम्र आवाजात म्हणाला, की फोटो राहू द्या, त्यावर काही लिहिलेलं नाही. पण आजींना बाहेर जावं लागेल. चंपाबाई बाहेर गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.

पहिले चाळीस प्रश्न सुरळीत गेले. एक्केचाळिसाव्याला गादीचा खालचा कोपरा फरशीवर सरकला आणि गादी सावकाश, अगदी अदबीनं, सुलेखाच्या पाठीवर येऊन टेकली. उठावं तर गादी पडणार आणि तक्ता दिसणार. ती उठली नाही. खांद्यांनी गादी तोलून धरत तिनं पुढचा प्रश्न वाचला. थोड्या वेळानं पडद्यावर मुलाचा निरोप आला, आपण ठीक आहात ना? तिनं एका हातानं हो लिहिलं. त्रेसष्टावा प्रश्न पाठदुखीचा होता. त्याचा नंबर तिला वाचायच्या आधीच आठवला.

बाहेर चंपाबाई दाराला टेकून एका गाठोड्यावर बसली होती. शेजारच्या गीताबाई विरजण मागायला आल्या, त्यांना तिनं बोटानंच परत पाठवलं. मग गॅसवाला सिलिंडर खणखणवत जिना चढला. आत ऑपरेशन चाललंय, असं तिनं त्याला हळू आवाजात सांगितलं. तो बिचारा सिलिंडर कवेत घेऊन पावलं न वाजवता स्वयंपाकघरात गेला आणि पेशंट बरा होईल म्हणून धीर देऊन निघाला.

चार वाजता निकाल पडद्यावर आला. पास व्हायला सत्तर लागत होते. सुलेखाला एक्क्याऐंशी मिळाले होते. तिनं हाक मारली, पण तिला उठता येईना. चंपाबाईनं आत येऊन आधी गादी मागं ढकलली, मग सुनेच्या पाठीवर हात ठेवला. तो तिनं बराच वेळ तिथंच राहू दिला.

"आमच्याकडं खाटंच्या पायथ्याला पाटी असायची," ती म्हणाली. "त्या पाटीवर आजाराचं समदं लिहिलेलं असायचं. ते तुला आता वाचता येतं?"

"येतं, आत्याबाई."

"मी रोज पुसायची ती." चंपाबाईनं चष्मा नीट केला. "काय लिहिलंय, कधी कुणाला विचारलं नाय."

सुलेखानं सासूला हॉलमध्ये नेऊन खुर्चीत बसवलं आणि चहा टाकला.

सव्वाचारला आकाश कामावरून आला. हॉलमध्ये चार गाठोडी, आडवं पडलेलं पोतं, मशीन आणि सायकल, आणि या सगळ्याच्या मधोमध त्याची आई आणि बायको बशीतून चहा पीत बसलेल्या. तो बेडरूममध्ये डोकावून आला. एवढी रिकामी आणि चकाचक खोली त्यानं घर घेतल्यापासून पाहिली नव्हती. हे सगळं पुन्हा आत कोण ठेवणार, असं त्यानं जरा भीत भीतच विचारलं.

"ती पास झाली, ते आधी इचार," चंपाबाई म्हणाली. "अन् झोपायचं असंल तर गादी तेवढी खाली टाक. आमी दोघी दमलोत."