काटेवाडीच्या बागेवरील आरोप

शके १८५७, चैत्र वद्य पंचमी, दिवसाचा पहिला प्रहर. मौजे काटेवाडी, तालुका बारामती, जिल्हा पुणे. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली आणि महिन्यापूर्वीच बाळंत झालेली रतन घरच्या द्राक्षासवाची दुसरी वाटी पिते न पिते तोच ओकू लागली. ओकारी हिरवट होती.

त्या रंगानेच तिचे वडील महिपतराव यांचे धैर्य खचले. वेलींवर रोग पडला म्हणून पौषात त्यांनी मोरचूद, म्हणजे तांब्याचाच निळा क्षार, आणि चुना कालवून ते निळे पाणी बागेवर फवारले होते. आणि आसव त्याच बागेतल्या घडांचे होते.

"म्या सांगत हुते, त्या निळ्या पान्याला हात लावू नगा!" लेकीचे कपाळ दाबून धरीत द्वारकाबाई म्हणाल्या. "पर तुमी पडला सायेब! छापील कागद वाचून शेती करनार!"

महिपतरावांनी कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली आणि ते बागेकडे निघाले. बोलावण्यावरून आलेल्या वैद्य आबाजींनी बाहेरूनच सारे ऐकले होते; ते उंबऱ्यातच समोर आले.

"वेल तोडल्यानं ओकारी थांबनार हाय व्हय? ठेवा ती खाली."

आबाजींनी रतनला तूप घातलेले दूध पाजले. तेही बाहेर पडले. पुन्हा पाजले, या वेळी टिकले. पाळण्यातले बाळ भुकेने रडत होते, आणि त्याला अंगावर द्यावे की नाही हे विचारण्याचे धाडस कोणालाही होईना.

मग आबाजींनी दोन विळे राखेने घासून लखलखीत करविले. बागेतला घड न धुताच दगडी भांड्यात पिळून एक विळा त्या रसात बुडविला, दुसरा आसवात. बऱ्याच वेळाने दोन्ही वर काढले. रसातला विळा होता तसाच होता. आसवातल्या विळ्यावर तांबडी पुटे चढली होती.

"रसात तांबं आसलं, की ते लोखंडावर आसं चढतं. निळं पानी बागंवर मारलं, आन तांबं उतरलं आसवात! द्वारकाबाई, आसव मुरत घातलं कशात?"

"तांब्याच्या घंगाळात." द्वारकाबाई म्हणाल्या. "द्येवाला निवद दावायचा, म्हनून चिंचंनं आतनं-भायेरनं उजळलं. आठ दिस त्यातच हुतं."

आतली कल्हई त्या भक्तीनेच खरवडून निघाली होती, आणि आंबट रस उघड्या तांब्यावर मुरत पडला होता. द्वारकाबाईंना पतीकडे पाहवेना.

"वैद्यबुवा," महिपतरावांनी चाचरत विचारले, "पोर वाचंल न्हवं?"

आबाजींनी रतनची नाडी पाहिली.

"वाचंल. बाळाला दोन दिस गाईचं दूध द्या. बागंचा दोष न्हाय, घंगाळाचा हाय. आसव ओतून टाका."