अकरा तास बासष्ट

ऑफिसात नणंद साहेब, घरी नणंद ती नणंदच. भावजयीला सुटका म्हणून कुठे नव्हती. शाळांसाठी ॲप बनत होतं. आज हवा बरी की वाईट, मुलांना मैदानावर सोडायचं की नाही, एवढंच ते सांगणार. हवेचे आकडे ॲपला फुकट पुरवणाऱ्या सरकारी सेवा, म्हणजे एपीआय, तीन. त्यांतली कोणती जोडायची, याचा तक्ता भावजयीने दहा दिवस डोळे फोडून केला होता.

"पहिली चाळीस मिलिसेकंदांत उत्तर देते, तिसरी चार सेकंद झोपा काढते," नणंद सगळ्यांदेखत म्हणाली. "आणि तू म्हणतेस तिसरी घ्या. डोकं ठिकाणावर आहे ना, वहिनी?"

"ताई, पहिली चपळ आहे कारण ती हवा मोजणाऱ्या यंत्राला विचारतच नाही. यंत्र बंद पडलं की जुनाच आकडा देते आणि त्यावर आत्ताची वेळ ठोकते. मंगळवारी यंत्र बंद होतं, तर अकरा तास एकच आकडा, बासष्ट. तिसरी दर वेळी विचारून येते. यंत्र बंद असेल तर तसं सांगते तरी."

"सरकारी आकडा आहे. तुझ्या शंकेपेक्षा खरा."

नणंदेने तक्त्यातला शिळ्या आकड्यांचा रकाना उडवला आणि खाली नाव मात्र भावजयीचंच ठेवलं. भावजयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नोकरी हवी होती. पहिली जोडून ॲप अठ्ठावीस शाळांत लागलं.

तिसऱ्या आठवड्यात दुपारी नणंदेचा फोन आला. तिच्या मुलाला दमा होता.

"वहिनी, त्याची शाळेत मॅच आहे. पाठवू का? जरा तुझ्या तिसरीवर बघ ना."

"ॲपवर हवा चांगली दिसतेय की."

"बघ म्हणते ना."

तिसरीने चार सेकंद घेतले आणि एकशे नव्वद सांगितले; शंभराच्या वर गेलं की दमेकऱ्यांना त्रास. पोराची मामी ती; त्याच्याशी कसलं वैर?

"नका पाठवू," ती म्हणाली. "आणि बाकीची पोरं?"

"त्यांच्या आया बघतील," म्हणत नणंदेने फोन ठेवला.

भावजयीने मूळ तक्ता, उडवलेल्या रकान्यासकट, अठ्ठावीस मुख्याध्यापकांना मेल केला. साहेबांनाही कॉपी घातली. नोकरी जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वर दोनच ओळी लिहिल्या: 'आज मुलांना बाहेर सोडू नका. आमच्या साहेबांनीही स्वतःच्या मुलाला घरी ठेवलं आहे.'