पाठीमागचे डोळे

गेल्या वर्षीच्या कलाप्रदर्शनात परीक्षकांनी निकेशला एकच वाक्य ऐकवलं आणि तेव्हापासून त्याच्या जिवाला चैन नव्हती. "हात चांगला आहे तुमचा," ते म्हणाले, "पण या डोळ्यांत कुणी राहत नाही." एवढं बोलून ते पुढच्या चित्राकडे सरकले. तिथं चहा होता, बिस्किटं होती, भाग घेतल्याचं प्रमाणपत्रही मिळालं. पण परतीच्या बसमध्ये निकेश आपलं चित्र मांडीवर पालथं धरून बसला. चित्र त्याच्या आईचं, आशाबाईचं होतं आणि सुलटं धरलं की ती त्याच्याकडे न बघता भलतीकडेच बघायची.

तसा तो चित्रकार वगैरे नव्हता. मूल गावातल्या एका राईस मिलमध्ये पोत्यांवर ठसे मारायचा. त्याचा स्वतःचा वेळ म्हणजे पहाटे पाच ते सात. अंगणात बाज उभी करायची, तिला कागद टाचायचा आणि जग उठायच्या आत काय जमेल ते जमवायचं, असं सात वर्षं चाललं होतं. झाडं जमत होती, बैल जमत होते, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, तर तो झोपेतही काढू शकला असता. माणूस काढायला घेतला की सगळं बिनसायचं. नाक बरोबर, हनुवटी बरोबर, पण बाई दुसऱ्याच घरची. दुसरा कुणी असता तर बैलच काढत बसला असता आणि सुखानं जेवला असता. निकेशला मात्र जमलेलं चित्र दोन दिवसांत नकोसं व्हायचं आणि न जमलेलं दाताखालच्या खड्यासारखं आठवत राहायचं.

लोक म्हणत, वाघ काढ. या भागात वाघाशिवाय भिंत नाही. चौकात वाघ, शाळेवर वाघ, चहाच्या टपरीवर वाघ. निकेशनं एकही काढला नव्हता. जो माणसाच्या मागून येतो त्याचं समोरून चित्र काय काढायचं, असं तो म्हणायचा आणि लोकांना वाटायचं, याला येत नसेल.

फाल्गुन सरता सरता रुखमाबाई त्याच्या अंगणात आली. मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांची ही म्होरकी. साठी उलटलेली, पण आवाज असा की दोन शेतांपलीकडची बाई जागेवरून उठावी.

"निकेश, तू रोज सकारी उठून तोंडं काढतस नं? मंग आमाले बी बारा तोंडं काढून दे."

"कशाची तोंडं?"

"मानसाची. मांगून बांधाची."

निकेशच्या लक्षात आलं. मोहफुलं पहाटेपासून गळतात. बाया उजाडायच्या सुमाराला जातात आणि झाडाखाली वाकून, उकिडव्या बसून वेचतात. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधायचा. वाघाला वाटावं, हे आपल्याकडेच बघतंय. बघणाऱ्यावर तो सहसा येत नाही म्हणतात. पूर्वी या गोष्टीवर गावात हसणारे पुष्कळ होते. मागच्या चैत्रात पलीकडच्या टोलीवरच्या, छोट्या वस्तीवरच्या इसरूची बायको मोहाखाली वाकली ती उठलीच नाही. त्यानंतर कुणी हसलं नाही.

"ते फारेस्टवाल्याइनं वाटलेले पिलास्टिकचे होते नं?" निकेशनं विचारलं.

"काई फुटले, काई उनानं वाकडे झाले. अन् साऱ्याइले मिशा! वाघाले बी समजलं असन, या बायाच होत." रुखमाबाई उठली. "चंचलचं बी धरून बारा. चैत लागाच्या आधी."

चंचल म्हणजे निकेशची बायको. ती दारातच उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. आता याला ताप चढणार, हे तिनं ओळखलं.

आणि चढलाच. निकेशनं मडकी पालथी घातली, त्यांच्या पोटावर जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या खळीनं थरावर थर चिकटवल्या, कीड लागू नये म्हणून खळीत चंचलच्या डब्यातली सगळी मेथी वाटून घातली. चार दिवसांत घर कडू वासानं भरलं. वाळलेली कवचं मडक्यांवरून उतरली. नाकं, गाल, कपाळं चढली. डोळ्यांपाशी येऊन गाडी अडली ती अडलीच. मिलमध्ये पोत्यावर ठसा उलटा पडला, मालक ओरडला, निकेश त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मालक ओरडतो तेव्हा डोळ्याचं काय होतं, एवढंच तो बघत होता.

प्रदर्शनात परीक्षक तरी माणूस होता. त्याला भीड होती, चहा प्यायचा होता. इथं बघणारा वाघ. त्याला शैली, रंगसंगती, कलावंताची तळमळ यांतलं काहीच विकत घ्यायचं नव्हतं. समोर कुणी आहे की नाही, एवढंच तो बघणार. निकेशला वाटलं, सात वर्षांत आपल्याला एवढा खरा प्रेक्षक मिळाला नव्हता. मग या विचाराची त्याला लाज वाटली. मग पुन्हा तोच विचार आला.

वाघ काही परीक्षेला बोलावता येत नव्हता, म्हणून शेजारच्या पत्रूचं कुत्रं धरलं. अंगणातल्या खुंटावर मुखवटा टांगला, खाली भाताची थाळी ठेवली आणि निकेश कवाडामागे लपला. कुत्रं आलं, वर बघितलं, भात खाल्ला आणि मुखवट्याच्या सावलीत अंग टाकून झोपलं. दुसऱ्या दिवशी डोळे मोठे केले. कुत्र्यानं भात खाल्ला. तिसऱ्या दिवशी लाल केले. कुत्र्यानं भात खाऊन खुंटावर तंगडी वर केली.

चौथ्या दिवशी चंचल घरात आली आणि भाताचं भांडं रिकामं दिसलं. ती कवाडात येऊन थांबली. नुसती बघत राहिली. त्याच क्षणी निकेशचा हात कुंचल्याकडे गेला.

"हालू नोको! तशीच पाह्य!"

"येडे झाले का तुमी?"

"झालो. पाह्य तशीच."

चंचल चिडून बघत राहिली आणि निकेशला सात वर्षांत जे दिसलं नव्हतं ते दिसलं. बुबुळ मधोमध नव्हतंच. ते वरच्या पापणीला टेकलं होतं. खालची पापणी किंचित उचललेली. एक भुवई दुसरीपेक्षा जरा खाली, माणूस मनात काहीतरी ठरवत असल्यासारखी. आणि उजेडाचा ठिपका दोन्ही डोळ्यांत सारख्या जागी नव्हता. हे सगळं रोज त्याच्या घरात होतं, रोज त्याच्याकडे बघत होतं, आणि तो खाली मान घालून कागदाकडे पळत होता.

त्या संध्याकाळी कुत्रं आलं. थाळीपासून चार हात अंतरावर थबकलं, शेपूट खाली घातली, कुंपणाच्या कडेकडेनं फिरलं आणि भात न खाता गेलं. निकेश कवाडामागे तोंडावर हात दाबून उभा होता. त्याला इतका आनंद झाला की रडू येईल असं वाटलं, आणि थोडं आलंही.

अकरा मुखवटे त्यानं मिलमधल्या ठशाच्या काळ्या रंगानं आणि कुंपणाला लावून उरलेल्या तेलरंगानं रंगवले. पाऊस आला तरी जायचे नाहीत असे. बाया न्यायला आल्या आणि हसून हसून बेजार झाल्या. "अगा बाई, या तं साऱ्या चंचलच होत! अकरा सवती आणून ठेवल्या हिच्या डोक्यावर!" चंचल हसली नाही, पण कौतुक तिला आवडलं होतं. तिनं सगळ्यांना चहा केला.

बारावा चंचलचा. तो निकेशनं शेवटी ठेवला आणि त्यासाठी पेटीतले चांगले रंग काढले, प्रदर्शनासाठी जपून ठेवलेले, पाण्यात मिसळायचे. तीन पहाटा तो त्यावर बसला. झाला तेव्हा त्यानं तो बाजेवर उभा केला, मागे सरकला आणि त्याच्या अंगावर काटा आला. या डोळ्यांत कुणीतरी राहत होतं. भाड्यानं नाही, घर बांधून.

प्रदर्शनाला चित्र पाठवायची मुदत सोमवारी संपत होती. मोह गळायला लागला शुक्रवारी.

शुक्रवारी चंचलनं अंधारात टोपली उचलली. "माह्यं द्या."

"ओलं आहे अजून," निकेश म्हणाला. "आज राहू दे. उद्या देतो."

मुखवटा आदल्या दिवशी दुपारीच खणखणीत वाळला होता. पण एका सकाळच्या घामानं हनुवटीचा रंग उतरला असता, फांदी लागून नाक खरचटलं असतं. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न होता, हा प्रदर्शनाला गेला की तिला दुसरा करून देता आला असता. आणि बाकी अकराजणी होत्याच की तिच्या भोवती बघायला. हे सगळं त्यानं स्वतःला फार पटापट समजावलं. चंचलनं पदर डोक्यावरून घट्ट बांधला आणि ती गेली.

निकेश चित्र काढायला बसला, उठला. चहा ठेवला, तो उतू गेला. आंघोळ केली आणि अंगावर साबण तसाच ठेवून बाहेर आला, म्हणून पुन्हा केली. भिंतीवर मुखवटा होता. निकेश अंगणात गेला तरी तो बघत होता, स्वयंपाकघरात गेला तरी बघत होता. चांगल्या चित्राचे डोळे सगळीकडून बघतात, हे निकेशनं कुठंतरी वाचलं होतं. ते इतकं असह्य होतं हे वाचलं नव्हतं. त्यानं मुखवटा भिंतीकडे तोंड करून फिरवला. मग मागची कोरी पोकळ बाजू दिसली, चंचलचं डोकं जिथं बसायचं ती. मिलची वेळ झाली होती. निकेशनं मुखवटा दुपट्ट्यात बांधला, गाडीला किक मारली आणि मिलच्या उलट्या दिशेला निघाला.

नहराच्या पाळीवर, कालव्याच्या बांधावर, गाडी टाकून तो चालत आत शिरला. आत कुठंतरी चितळ ओरडलं, वाघाची चाहूल लागली की ओरडतं तसं. एकदाच. निकेश पळायला लागला.

मोहाचा उग्र गोड वास आला आणि पाठोपाठ झाडांमधून चेहरे दिसले. बाया त्याच्याकडे पाठ करून वेचत होत्या आणि अकरा तोंडं त्याच्याकडे बघत होती. बुबुळं वरच्या पापणीला टेकलेली, एक भुवई खाली. निकेशचा पाय जागच्या जागी थांबला. त्यानं स्वतः काढलेले डोळे होते, रंग कोणत्या डब्यातला हेही त्याला ठाऊक होतं, तरी त्याला पुढं जाववेना. काम बरोबर झालं होतं. आणि त्या अकरांच्या कडेला एक बाई वाकली होती, जिच्या मागे नुसता पदर होता. मागून येणाऱ्याला बघायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

तो सरळ तिच्याकडेच गेला. पुढं जायला तेवढी एकच वाट मोकळी होती.

"चंचल."

ती दचकून उठली, टोपली कलंडली. "अवो मा! असं मांगून येते का कोनी? मेली असती नं मी!"

निकेशनं दुपट्टा सोडला. तिनं मुखवटा हातात घेतला, हनुवटीवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं. बोट कोरडं होतं.

"कवा वाळलं?"

खोटं बोलायला जागा होती. निकेशला ती दिसलीही. "काल," तो म्हणाला. "प्रदर्शनाले ठेवलं होतं."

चंचलनं त्याच्याकडे पाहिलं. ती नजर त्यानं बारा वेळा काढली होती; तरी आता तिच्यात जे होतं ते एकाही मुखवट्यात आलं नव्हतं. मग ती वळली आणि पाठ करून उभी राहिली. निकेशनं साडीच्या काठाच्या पट्ट्या तिच्या कपाळावरून घेऊन गाठ मारली. मानेवरचा घाम लागून हनुवटीचा रंग त्याच्या बोटांवर उतरला. त्याला वाईट वाटलं. अजूनही वाटलं, याची त्याला चीड आली.

ती पुन्हा खाली बसली आणि वेचायला लागली. निकेश तिच्या मागे जंगलाकडे तोंड करून उभा राहिला.

"आता तुमी काऊन उभे?" ती म्हणाली. "ते पाहते नं मांगं."

"मले भरोसा नाई."

चंचलचे हात थांबले. "अन् या अकराजनीइले देल्लं, तवा होता?"

अकराजणींनी चहा पिऊन, हसून, त्याच्या शब्दावर ती तोंडं डोक्याला बांधली होती आणि पाठ फिरवून निर्धास्त बसल्या होत्या. कुत्र्यानं भात सोडला होता, एवढ्याच पुराव्यावर.

तो चालायला लागला. चंचलला मागे टाकलं, रुखमाबाईला मागे टाकलं, शेवटच्या मोहाच्या पलीकडे, जिथून बांबूची रांझी, म्हणजे बेटं, दाट होतात तिथं जाऊन थांबला. बाराही जणी आता त्याच्या पाठीमागे होत्या. त्यानं बांबूकडे तोंड केलं आणि पाहायला लागला. पाला आधी नुसता हिरवा होता. मग एक पान वाळकं दिसलं, मग त्यावरची मुंगी, मग दोन कांड्यांमधला काळोख, जो दुसऱ्या काळोखापेक्षा वेगळा होता. निकेशनं पापणी लवू दिली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"निकेश!" मागून रुखमाबाईचा आवाज आला. "मिलमंदी नाई गेलास? तिथी काय करून राह्यलास?"

"पाहून राह्यलो, बाई," तो म्हणाला आणि त्यानं मान वळवली नाही.