पाव्हणं आल्यात

राजनंदिनीने चिलापीच्या पोटात सुरी घातली आणि तेवढ्यात फोन वाजला. हात माशाने बरबटले होते, म्हणून तिने कोपरानेच तो स्पीकरवर टाकला. बेटावरून सासूबाई बोलत होत्या. भामाबाई फोनवर नेहमी ओरडून बोलायच्या, मधलं सगळं पाणी आवाजानेच ओलांडायचं असल्यासारखं. आज मात्र त्या कुजबुजत होत्या.

"पोरी, पाव्हणं आल्यात."

"आलं? इतक्यात? कुणाच्या बोटीनं?"

"आल्यात म्हंते न्हवं. बोट घिऊन ये. दिवा लागायच्या आत ये."

फोन बंद झाला. पाहुण्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून म्हातारी हळू बोलली असेल, असं राजनंदिनीला वाटलं आणि तिला कौतुकही वाटलं. साताऱ्याचं एक जोडपं दोन कुत्री घेऊन यायचं होतं. भिगवणच्या बाजूने पक्षी दाखवत फिरणाऱ्या होड्या कधीकधी पाहुण्यांना परस्पर बेटावर आणून सोडत. तसंच झालं असणार.

बेट म्हणजे खरं तर टेकाड. उजनीचं पाणी चढलं तेव्हा सासऱ्यांची, सिद्धूतात्यांची, खालची जमीन बुडाली आणि वरचं तेवढं उरलं. तिथे त्यांची मेंढरं चरली. पुढे मेंढरं विकली, तात्या गेले, आणि टेकाडावर बोरी-बाभळी माजल्या. राजनंदिनी कोऱ्हाळ्याच्या बागायती घरातून सून म्हणून आली. तिनेच नवऱ्याच्या, रामच्या, मागे लागून तिथे दोन झोपड्या बांधून घेतल्या आणि काठावर पाटी लावली: 'बेटावर या. कुत्र्याला सोबत आणा. मोकळं सोडा.'

"कुत्र्यास्नी लॉज?" राम पोट धरून हसला होता. आता तोच पाहुण्यांना गाडीतून उतरवताना आधी कुत्र्याचं नाव विचारायचा. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई, असं जुनी माणसं म्हणत. या घराला मात्र तिसऱ्या दिवशी राहणारा पाहुणा सगळ्यांत लाडका झाला होता.

आज सकाळी अनिताताई आल्या होत्या. बारामतीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, बरोबर लोंबत्या कानांचा गुबगुबीत बिस्किट. "कोकणात एके ठिकाणी म्हणाले, कुत्रा गाडीत झोपू दे," त्यांनी होडीत बसल्या बसल्या सांगितलं होतं. "हा गाडीत आणि मी एसीत? मग मीही गाडीतच झोपले. तुमच्याकडे खरंच चालतं ना?"

"पलंगावर झोपला तरी चालतंय, ताई."

बेटावर उतरल्यावर सासूबाईंचा खंड्या सामोरा आला आणि बिस्किट अनिताताईंच्या पायांत शिरला. घाबरण्यासारखाच होता खंड्या. उंच, कोरड्या अंगाचा धनगरी कुत्रा, आणि गळ्यात लोखंडी पट्टा, त्यावर बोटाएवढे खिळे बाहेर तोंड करून उभे. तात्यांनी तो स्वतः बनवून घेतला होता.

"अगंबाई! हे कशाला?"

"जुनी पद्धत हाय," राजनंदिनी घाईने म्हणाली आणि बॅग उचलून पुढे झाली.

कशाला ते तिला चांगलं ठाऊक होतं. पण गेल्या आठवड्यात कळंबकडे ऊसतोडीवाल्यांची शेळी गेली तेव्हा रामने बजावलं होतं, "ते नाव पाव्हण्यांफुडं काढू नगंस. एकदा नाव निघालं की हिकडं चिटपाखरू फिरकायचं न्हाय. आन् पान्यातनं कशाला येतंय ते?" तिला ते पटलं होतं. पटवून घेतलं होतं म्हणा.

तिने हात धुतले आणि अनिताताईंना फोन लावला.

"ताई, दुसरे पाहुणे आलेत. दोन कुत्री आहेत त्यांची. बिस्किटला सोडा की, खेळू द्या."

"सोडते, सोडते! बिचारा सकाळपासून साखळीलाच आहे. तुमच्या त्या खिळेवाल्याला भितो."

मासे झाकून ती होडीकडे निघाली, तर पुन्हा फोन. साताऱ्याचा पाहुणा.

"वहिनी, आम्ही भिगवणला मासे खायला थांबलोय. जरा उशीर होईल, चालेल ना?"

"म्हणजे... तुम्ही बेटावर न्हाई?"

"बेटावर कसे असू? अजून ताट यायचंय आमचं!" तो हसला.

राजनंदिनीला हसू आलं नाही. मग आलं कोण?

आणि एकदम तिला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. तात्या ओट्यावर बसून कुणाला तरी सांगत होते, "पाव्हण्यांनी कोकरू न्हेलं." ते ऐकून ही आतून तणतणत बाहेर आली होती, असले कसले पाव्हणे, जेवून-खाऊन वर कोकरू उचलून नेतात? सगळं घर लोटपोट हसलं होतं. मग सासूबाईंनी तिला जवळ बसवून समजावलं होतं. मेंढरामागं फिरणाऱ्यानं दिवस कलल्यावर त्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की ते येतं. त्याला पाव्हणं म्हणायचं, आणि मानानं म्हणायचं. वर्षभर दीर-नणंदांनी तिला चिडवलं होतं, "वैनी, पाव्हण्यांचा राग गेला का?" पुढे मेंढरंच राहिली नाहीत. शब्दही तिच्या कानातून गेला.

तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, बिस्किटला सोडा.

अनिताताईंचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. सासूबाईंचा तर बंदच लागला. राम सिलेंडर आणायला इंदापूरला गेला होता; तिने त्याला फोनवर सगळं सांगितलं.

"थांब, एकली जाऊ नगंस," तो ओरडला. "मी मानसं घिऊन आलोच."

"बाई हाय तितं एक. माझ्या भरवशावर आलीय," ती म्हणाली आणि तिने होडीची दोरी सोडली.

मशीन सुरू झालं. सूर्य पलीकडच्या काठावर टेकला होता. गेल्या पंधरवड्यात पाणी बरंच उतरलं होतं, आणि बेटामागचा पाण्याचा पट्टा आता गुडघाभरही राहिला नसेल. पट्ट्यापलीकडचा ऊस परवापर्यंत उभा होता. आता तिथे नुसतं पाचट पडलं होतं. उसात राहणारं जनावर ऊस तुटल्यावर जाणार कुठे? हे तिला रोज दिसत होतं आणि रोज तिने पाहिलं नव्हतं. तिने मशीन आणखी पळवलं.

खंड्या दर होडीवर भुंकायचा. मशीनचा आवाज आला की काठावर येऊन नाचायचा. आज काठ रिकामा होता.

होडी चिखलात रुतवून ती धावली. पहिल्या झोपडीचं दार बंद होतं, बाहेरून कडी. अंगणात बिस्किटची साखळी पडली होती. तिने कडी ओढून काढली.

आत अनिताताई पलंगावर बसल्या होत्या, चिडलेल्या. "अहो, काय प्रकार आहे हा? बिस्किटला सोडला आणि तुमच्या सासूबाई धावत आल्या. त्याला धरला, हे असलं काहीतरी गळ्यात अडकवलं, आम्हा दोघांना आत ढकललं आणि कडी! फोन बाहेर खुर्चीवर राहिला माझा. विचारलं तर तोंडातून शब्द नाही."

बिस्किट पलंगाखाली होता. त्याच्या गळ्यात खंड्याचा पट्टा होता. मोठा होत होता म्हणून लुगड्याच्या चिंधीने आवळून बांधलेला. खिळे जमिनीला लागून किरकिर वाजत होते.

राजनंदिनीने त्या पट्ट्याकडे पाहिलं आणि ती तशीच मागे वळली.

झोपडीमागे भामाबाई विस्तू करून बसल्या होत्या. मांडीवर कोयता, तोंड पलीकडच्या पाचटाकडे. सुनेच्या पायांचा आवाज ऐकूनही त्यांनी मान वळवली नाही.

"आत्या... पाव्हणं?"

"ग्येलं."

"आन् खंड्या?"

म्हातारीने एक काटकी विस्तवात सारली.

"पोचवाय ग्येलाय."

मागून अनिताताई आल्या होत्या. "बघा! किती शहाणा. आमचे हे महाराज पाहुण्यांना दारापर्यंतसुद्धा सोडायला जात नाहीत."

राजनंदिनीला हुंदका आला, तो तिने पदरात दाबला.

"आत्या, चला. होडीत बसा."

"तुमी जावा. पाव्हणीला आदी पोचीव." भामाबाईंनी कोयत्याची मूठ सारखी केली. "मी बसते दार लावून. त्यो आला तर दार कोन उघडंल? सकाळधरनं उपाशी हाय."

त्यांना उठवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. राजनंदिनीने त्यांना धरून झोपडीत नेलं, विस्तवातलं एक लाकूड दाराशी ठेवलं, आतून कडी लागल्याचा आवाज ऐकला आणि मगच ती होडीकडे आली.

पाण्यावर जरा पुढे आल्यावर अनिताताईंनी बिस्किटला मांडीवर घेतलं आणि चिंधीची गाठ चाचपली.

"काढू का आता हे? टोचतंय हो."

"राहू द्या, ताई." राजनंदिनीने मशीन मंद केलं. दिवस बुडाला होता. नाव घ्यायची ही वेळ नव्हती, पण तिने घेतलं. "बिबट्या आला होता बेटावर. इकडं फिरतोय हे आठवड्यापासनं माहीत होतं आम्हाला. तुम्हाला सांगितलं नाही. चुकलं माझं."

अनिताताईंचे दोन्ही हात बिस्किटच्या पाठीवर घट्ट झाले.

"तो मान धरतो कुत्र्याची," राजनंदिनी म्हणाली. "म्हणून खिळे."

अनिताताईंनी पट्ट्यावरून हलकेच बोट फिरवलं आणि मागे वळून काळ्या पडत चाललेल्या बेटाकडे पाहिलं.

"तुमच्या खंड्याला दुसरा असेल ना?"

"एकच हाय, ताई."

बेटावरून भामाबाईंची हाळी आली. दार लावून बसते म्हणाली होती म्हातारी, पण बाहेर येऊन ओरडत होती. नेहमीसारखी, सगळं पाणी ओलांडून जाईल अशी: "खंड्याss... यो... योss..."

"मशीन बंद करता जरा?" अनिताताई म्हणाल्या. "ऐकू दे."

राजनंदिनीने मशीन बंद केलं. होडी पाण्यावर नुसती डुलत राहिली, आणि दोघी कान देऊन बसल्या.